फूटपाथवरची गादी आणि घरमालकाचा परवाना

इंग्लंडमध्ये रस्त्यावरचा कचरा उचलणे आणि खाजगी घरमालकांवर लक्ष ठेवणे ही दोन्ही कामे स्थानिक कौन्सिलची आहेत. पण ती करणारी खाती वेगळी असतात. सफाई खाते झाडूवाले, गाड्या आणि वेळापत्रक सांभाळते. पर्यावरण-आरोग्य खाते ओल, उंदीर, धोकादायक वायरिंग आणि दाटीवाटीने भरलेली घरे तपासते. दोघांचे कायदे निराळे, अंदाजपत्रके निराळी. फूटपाथवर रातोरात येऊन पडणारी गादी मात्र पुष्कळदा त्याच रस्त्यावरच्या एखाद्या भाड्याच्या घरातून बाहेर आलेली असते. ती उचलून नेली की रस्ता तेवढ्यापुरता साफ होतो. ती बाहेर का आली हे शोधायचे तर त्या घराच्या मालकापर्यंत जावे लागते. कौन्सिलांच्या गेल्या वीस वर्षांतील धडपडीचा मोठा भाग मालकापर्यंत पोचण्याची वाट शोधण्यात खर्च झाला आहे.

काउंटीच्या भागात कामाची वाटणी आणखी गुंतागुंतीची आहे. तिथे दारातला कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते आणि त्याची विल्हेवाट काउंटी कौन्सिल लावते; घरांची तपासणी पुन्हा डिस्ट्रिक्टकडेच असते. लंडनच्या ३२ बरोंमध्ये किंवा बर्मिंगहॅम, लीड्ससारख्या शहरांत रस्ता आणि घर ही दोन्ही कामे एकाच कौन्सिलकडे येतात. म्हणूनच दोन्ही प्रश्न एकत्र हाताळण्याचे प्रयोग मुख्यतः अशा शहरांत झाले.

एकाचे दोन प्रश्न कसे झाले

एकोणिसाव्या शतकात ही फारकत नव्हती. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कष्टकरी वर्गाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला, तेव्हा अंगणातला उकिरडा, तुंबलेले गटार आणि कोंदट खोली यांचा विचार त्यात एकत्रच होता. १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि पुढे १८७५ चा अधिक व्यापक कायदा याच विचारातून आले. त्या काळचा उपद्रव निरीक्षक दारापुढचा ढीगही पाही आणि दाराआडची खोलीही. राहण्यास अयोग्य घर दुरुस्त करायला किंवा पाडायला मालकाला भाग पाडण्याचा अधिकार १८६८ च्या टॉरेन्स कायद्याने स्थानिक संस्थांना दिला. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये उभा राहिलेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हीदेखील याच विचाराची भारतातली शाखा होती. अरुंद गल्ली आणि तिच्यातल्या रोगट चाळी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे तेव्हाच्या प्रशासकांनी गृहीतच धरले होते.

विसाव्या शतकात ही सांगड सुटत गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधील दहापैकी नऊ कुटुंबे खाजगी मालकाच्या घरात भाड्याने राहत होती. पुढे कौन्सिलने बांधलेली घरे आणि गृहकर्ज यांमुळे हे प्रमाण सतत घटले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस दहात एकाच्या आसपास आले. घरमालकांवर लक्ष ठेवण्याची निकड त्याबरोबर ओसरली. मधल्या काळात पश्चिम लंडनच्या नॉटिंग हिलमधील पीटर रॅकमन या घरमालकाच्या कारभाराने मोठी खळबळ माजवली होती. १९५७ च्या भाडे कायद्याने रिकाम्या होणाऱ्या घरांवरचे भाडेनियंत्रण उठवले. जुने भाडेकरू बाहेर गेले की त्याच घरांत वाटेल ते भाडे घेता येऊ लागले. वेस्ट इंडीजमधून आलेल्या ज्या कुटुंबांना इतरत्र कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्याकडून अवाच्या सवा भाडे वसूल होऊ लागले. रॅकमन १९६२ मध्ये वारला. त्याचे उद्योग १९६३ मध्ये वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आले. मिलनर हॉलंड समितीची चौकशी झाली आणि १९६५ च्या कायद्याने भाडेकरूंना पुन्हा संरक्षण मिळाले.

हे संरक्षण १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने पुन्हा पातळ केले. अल्पमुदतीचा भाडेकरार हाच नेहमीचा करार झाला आणि त्यातील कलम २१ मुळे मुदत संपल्यावर मालकाला कोणतेही कारण न देता, दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करून मागता येऊ लागले. १९९६ मध्ये भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्यांना खास गृहकर्ज मिळू लागले. कौन्सिलची घरे १९८० पासून भाडेकरूंना विकली जात होतीच. त्यांतील पुष्कळशी पुढे फिरून खाजगी मालकांच्या हाती गेली. आज इंग्लंडमध्ये सुमारे ४६ लाख कुटुंबे, म्हणजे जवळजवळ पाचांतले एक, खाजगी मालकाच्या घरात राहतात. यातील बहुतेक मालक एखाद-दुसऱ्या घराचे धनी आहेत आणि सरळपणे वागतात. प्रश्न उरतो तो थोड्या मालकांचा. पण त्यांची घरे काही मोजक्या रस्त्यांवर गर्दीने सापडतात, आणि ते रस्ते त्यांच्या कारभाराने पार बदलून जातात.

रस्त्याचा कायदा

कचऱ्याबाबतचा मुख्य कायदा १९९० चा पर्यावरण संरक्षण कायदा. सार्वजनिक रस्ता आणि जमीन स्वच्छ ठेवण्याचे बंधन तो कौन्सिलवर घालतो. किती स्वच्छ, हे ठरवण्यासाठी सरकारी आचारसंहितेत चार प्रती आहेत: ‘ए’ म्हणजे कचऱ्याचा मागमूस नसलेला रस्ता आणि ‘डी’ म्हणजे ढिगांनी भरलेला. रस्त्याची वर्दळ किती, यावर तो किती वेळात पुन्हा साफ व्हायला हवा हे अवलंबून असते.

परवानगी नसलेल्या जागी राडारोडा किंवा सामान आणून टाकणे, ज्याला तिथे फ्लाय-टिपिंग म्हणतात, हा याच कायद्याच्या कलम ३३ खाली फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी अमर्याद दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ३४ त्याहून दूर पोचते: आपला कचरा कोणाच्या हवाली करतो, याची जबाबदारी ते मूळ मालकावर टाकते. नोंदणी नसलेल्या टेम्पोवाल्याला जुना सोफा दिला आणि त्याने तो पुढच्या गल्लीत टाकला, तर देणाराही दोषी ठरतो. २०१६ पासून कौन्सिलला कोर्टात न जाता फ्लाय-टिपिंगबद्दल जागेवर दंड करता येतो. त्याची कमाल मर्यादा ४०० पौंड होती. जुलै २०२३ मध्ये ती १,००० पौंड झाली. कचरा भलत्याच्या हवाली करणाऱ्या घरगुती ग्राहकासाठी ती ६०० पौंड आहे.

एवढे करूनही २०२३-२४ या वर्षात इंग्लंडमधील कौन्सिलांनी अशा सुमारे साडेअकरा लाख घटना नोंदवल्या. त्यांतील ६० टक्के घटना घरगुती कचऱ्याच्या होत्या आणि सर्वाधिक घटना फूटपाथ व रस्त्यांवर घडल्या होत्या. खाजगी जमिनीवरचे बहुतेक ढीग या आकड्यात येतच नाहीत, कारण ते हटवण्याचा खर्च जमिनीच्या मालकाने सोसायचा असतो. कारखान्यांचे विषारी पिंप रानात नेऊन ओतणाऱ्या टोळ्या बातम्यांत झळकतात आणि त्यांचा उपद्रव खराच गंभीर आहे. नोंदींमध्ये मात्र घरातूनच बाहेर पडलेला कचरा अधिक आहे.

त्यामागे पैशाचे गणितही आहे. कचरा जमिनीत पुरण्यावर १९९६ मध्ये कर बसला तेव्हा तो टनाला ७ पौंड होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १२६ पौंडांच्या वर गेला. पुनर्वापर वाढवण्यासाठी ही वाढ उपयोगी पडली, यात शंका नाही. पण त्याबरोबर रीतसर विल्हेवाट महाग झाली आणि रोख पैसे घेऊन, पावती न देता सामान गायब करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक मिळाले. मोठे सामान उचलायला कौन्सिलाही बहुतेक ठिकाणी पैसे घेतात. ही आकारणी परवडत नसलेल्या माणसाला गादी रात्री कोपऱ्यावर सोडणे सोपे वाटते, आणि ती हटवण्याचा खर्च शेवटी त्याच कौन्सिलवर येतो.

गादी बाहेर का येते

उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या जुन्या औद्योगिक शहरांत, तसेच पूर्व लंडनमध्ये, भिंतीला भिंत लागून बांधलेल्या घरांच्या लांबलचक ओळी आहेत. पुष्कळ घरांचे दार थेट फूटपाथवर उघडते, मागे अरुंद बोळ असतो. हे घर एका कुटुंबासाठी बांधलेले असते आणि कौन्सिलचा चाकांचा डबाही एका कुटुंबाच्या हिशेबानेच दिलेला असतो. बऱ्याच ठिकाणी न कुजणारा कचरा दोन आठवड्यांतून एकदाच उचलला जातो. अशा घरात बैठकीची खोलीसुद्धा भाड्याने देऊन मालकाने सहा-सात एकटी माणसे ठेवली की डबा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच भरतो. उरलेल्या पिशव्या दारात येतात, त्या कोल्हे आणि उंदीर फाडतात, आणि एक ढीग दिसला की त्यावर दुसरा पडायला वेळ लागत नाही.

भाडेकरू वरचेवर बदलणे हे दुसरे कारण. सहा महिन्यांनी घर सोडावे लागणाऱ्या माणसाला कोणत्या डब्यात काय टाकायचे आणि कोणत्या वारी गाडी येते, हे समजेपर्यंत निघायची वेळ आलेली असते. नुकत्याच परदेशातून आलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलेच नसते. घर सोडताना पलंग आणि कपाट नव्या खोलीत मावत नाही. मालकाला घर उद्या दुसऱ्याला द्यायचे असते, म्हणून जे मागे राहिले ते दाराबाहेर जाते. लीड्सच्या हेडिंग्ली-हाइड पार्क भागात किंवा नॉटिंगहॅमच्या लेंटनमध्ये विद्यापीठाचे वर्ष संपताच रस्तेच्या रस्ते गाद्या, पिशव्या आणि मोडक्या खुर्च्यांनी भरतात. तिथल्या कौन्सिलांना त्या आठवड्यांत जादा गाड्या लावाव्या लागतात. मालकाने घर रिकामे करताना निघालेले सामान पुष्कळ कौन्सिला धंद्याचा कचरा मानतात. ते घरगुती कचऱ्याच्या केंद्रात नेता येत नाही, नोंदणी असलेल्या वाहतूकदाराला पैसे देऊनच हलवावे लागते. चुकार मालक टाळतो तो हाच खर्च.

अंमलबजावणीतली एक अडचण इथेच दिसते. कौन्सिलचे अधिकारी टाकलेली पिशवी उघडून पत्ता शोधतात. तिच्यात सापडते ते भाडेकरूच्या नावाचे पाकीट, औषधाची चिठ्ठी किंवा पार्सलवरची पट्टी. दंडाची नोटीस त्याच नावावर निघते. सात माणसांना एक डबा देणाऱ्या मालकाचे नाव पिशवीत कधीच नसते. त्यामुळे केवळ कचऱ्याच्या कायद्यावर भर देणारी कौन्सिल सर्वांत दुबळ्या माणसाला दंड करत राहते आणि ढीग तिथेच राहतो. हा अन्याय तर आहेच, शिवाय पैशाची उधळपट्टीही आहे.

दारापाशी जाण्याची साधने

तक्रार आल्यावर वापरायची साधने कौन्सिलकडे जुन्या काळापासून आहेत. उंदरांचा बंदोबस्त करायला लावण्यासाठी १९४९ चा कायदा आहे. परिसराला अवकळा आणणारे अंगण साफ करण्याची नोटीस १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम २१५ खाली देता येते. त्रासदायक वर्तन थांबवण्यासाठी २०१४ च्या कायद्याने समाजसंरक्षण नोटीस आणली. घराच्या आतल्या स्थितीसाठी २००४ चा गृहनिर्माण कायदा आहे. त्यानुसार ओल, थंडी, पडझड, आग, दाटी असे २९ धोके तपासले जातात, आणि धोका पहिल्या वर्गातला निघाला तर कारवाई करणे कौन्सिलवर बंधनकारक असते.

या साऱ्या साधनांत एक उणीव होती: कोणीतरी तक्रार केल्याखेरीज ती हलत नसत. भिंतीला बुरशी लागलेल्या खोलीतला भाडेकरू तक्रार करायला धजावत नसे, कारण कलम २१ ची नोटीस त्याच्या डोक्यावर टांगलेली असे. २०१५ मध्ये तक्रारीचा सूड म्हणून घर रिकामे करून घेण्यावर काही बंधने आली, पण ती लागू होण्यासाठी कौन्सिलने आधी सुधारणा नोटीस काढलेली असावी लागे. तोवर बहुतेकांनी गाठोडे बांधलेले असे.

ही उणीव परवान्याने भरून काढली. २००४ च्याच कायद्यात तो आला आणि २००६ पासून अमलात आला. पाच किंवा अधिक माणसे, एकाहून अधिक कुटुंबांतली, स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामाईक वापरत असतील तर त्या घराला परवाना हवा. अशा घराला तिथे एचएमओ म्हणतात. सुरुवातीला तीन मजल्यांची अट होती. ती ऑक्टोबर २०१८ मध्ये काढली गेली. त्याच वेळी झोपण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ठरले: एका प्रौढासाठी ६.५१ चौरस मीटर, दोघांसाठी १०.२२. आणि या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अटही तेव्हाच आली: घरातला कचरा साठवण्याची आणि बाहेर देण्याची कौन्सिलची जी योजना असेल ती पाळणे परवानाधारकावर बंधनकारक झाले. पुरेसे डबे नसतील तर आता जबाबदार माणूस शोधायला पिशवी उचकटावी लागत नाही. त्याचे नाव परवान्यावर लिहिलेले असते.

याच कायद्यात निवडक परवान्याचीही तरतूद होती. एखाद्या भागात घरांना मागणी नसेल किंवा समाजविघातक वर्तनाचा त्रास असेल, तर तिथल्या सर्व खाजगी भाड्याच्या घरांना, एकाच कुटुंबाला दिलेल्या घरांनाही, पाच वर्षांपर्यंत परवाना सक्तीचा करता येतो. २०१५ मध्ये घरांची दुरवस्था, दारिद्र्य, गुन्हेगारी आणि मोठे स्थलांतर ही कारणेही जोडली गेली. पूर्व लंडनमधील न्यूहॅम बरोने १ जानेवारी २०१३ पासून ही योजना संपूर्ण बरोला लावली. असे करणारी ती देशातली पहिली कौन्सिल. ईस्ट हॅम, फॉरेस्ट गेट, प्लेस्टो असे गजबजलेले भाग याच बरोत येतात, आणि तिथल्या तीनांतल्या एकाहून अधिक घरांत खाजगी भाडेकरू राहतात. दक्षिण आशियातून आलेल्यांची संख्याही तिथे मोठी आहे. पहिल्या पाच वर्षांत न्यूहॅमने घरमालकांवर हजाराहून अधिक खटले भरले. आदल्या कित्येक वर्षांत कौन्सिलला आपल्या हद्दीत भाड्याची घरे नेमकी किती, हेच ठाऊक नव्हते. परवान्याच्या नोंदीने पहिल्यांदा त्यांचा नकाशा मिळाला. परवान्याच्या अटींत कौन्सिला डबे पुरवणे, गाडीचा वार भाडेकरूला सांगणे, मागे राहिलेले सामान हलवणे अशी कलमे घालू लागल्या.

घरमालकांच्या संघटनांचा आक्षेप असा की शेकडो पौंडांचे शुल्क सरळ मालक भरतो, लबाड मालक नोंदणीच करत नाही, आणि शुल्काचा भार शेवटी भाड्यात येतो. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. नोंद न करणाऱ्याला हुडकून काढणारे अधिकारी नसतील तर परवाना हा नुसता कागद ठरतो. शुल्काचा पैसा मात्र कायद्याने त्या योजनेवरच खर्च करावा लागतो. ते कौन्सिलचे उत्पन्न नव्हे. सरकारने करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र पाहणीचा निष्कर्षही हाच होता की नीट आखलेली आणि पुरेशी माणसे दिलेली योजना परिणाम करते. तरीही केंद्राने २०१५ पासून मोठ्या योजनांवर लगाम घातला होता. कौन्सिलच्या हद्दीचा किंवा तिथल्या भाड्याच्या घरांचा पाचवा हिस्सा ओलांडणाऱ्या योजनेला मंत्र्यांची मंजुरी लागे. लिव्हरपूलची शहरभराची योजना २०२० मध्ये याच अटीवर अडली आणि पुढे शहराच्या काही भागापुरतीच परत आली. मंजुरीची ही अट डिसेंबर २०२४ मध्ये उठवण्यात आली. वेल्समध्ये २०१५ पासून आणि स्कॉटलंडमध्ये त्याहूनही आधीपासून प्रत्येक खाजगी घरमालकाची नोंदणी सक्तीची आहे, हे पाहता इंग्लंडचा हा संकोच समजण्यासारखा नव्हता.

पैसा, माणसे आणि नवा कायदा

कायदे वाढले तरी ते राबवणारे हात वाढले नाहीत. २०१० नंतर केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले गेले. वृद्ध आणि मुलांच्या देखभालीचा खर्च टाळता येत नाही, त्यामुळे कात्री लागली ती सफाई आणि तपासणीला. बर्मिंगहॅममध्ये याची टोकाची अवस्था दिसली. जून २०२३ मध्ये या शहराने २५ वॉर्डांत निवडक परवाना लागू केला. देशातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी ती एक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कौन्सिलने आर्थिक दिवाळखोरीसारखी असलेली कलम ११४ ची नोटीस काढली. कचरा गाड्यांवरील एक पद रद्द करण्यावरून झालेला वाद चिघळून ११ मार्च २०२५ पासून सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. महिनाअखेर रस्त्यांवर सुमारे १७,००० टन कचरा साचला आणि कौन्सिलला गंभीर आपत्ती जाहीर करावी लागली. ढिगांचा त्रास दाट वस्तीच्या, भाड्याच्या घरांनी भरलेल्या भागांत सर्वाधिक झाला, कारण तिथे कचरा साठवायला अंगणच नव्हते.

म्हणून दंडाचा पैसा कुठे जातो, हा कारभारातला क्षुल्लक तपशील मानता येत नाही. एप्रिल २०१७ पासून कौन्सिलला खटला न भरता घरमालकाला ३०,००० पौंडांपर्यंत दिवाणी दंड करता येऊ लागला आणि ती रक्कम घरतपासणीच्या कामासाठी ठेवता येते. फ्लाय-टिपिंगच्या दंडाची रक्कमही एप्रिल २०२४ पासून साफसफाई आणि अंमलबजावणीवरच खर्च करायची आहे. २०१८ पासून गंभीर गुन्हे केलेल्या मालकाला घर भाड्याने देण्यास बंदी करणारा आदेशही मिळवता येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेला भाडेकरू हक्क कायदा या सर्वांच्या पुढे जातो. १ मे २०२६ पासून कलम २१ संपुष्टात आणण्याची तरतूद त्याने केली. गंभीर गुन्ह्यांसाठी दिवाणी दंडाची मर्यादा ४०,००० पौंडांवर नेली, इंग्लंडमधील सर्व खाजगी घरमालकांची राष्ट्रीय नोंद ठरवली आणि या कायद्याची अंमलबजावणी हे कौन्सिलचे कर्तव्य केले. सरकारने यासाठी पुरेसे निरीक्षक दिले नाहीत, तर हे कर्तव्य कागदावरच राहील.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इंग्लंडला जाणारे पुष्कळजण पहिले वर्ष अशाच सामाईक घरात काढतात. परवान्याची नोंदवही सार्वजनिक असते. घराचा परवाना आहे का, हे करारावर सही करण्याआधी कौन्सिलकडून पडताळून घेता येते. परवाना आवश्यक असूनही तो नसेल, तर भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे जाऊन भरलेले भाडे परत मागता येते. पूर्वी बारा महिन्यांपर्यंतचे मिळे, नव्या कायद्याने ही मर्यादा चोवीस महिने केली आहे.